पिकअपचा पार्किंगचा फ्यूज सारखा उडतोय, शॉर्ट काही सापडेना

ओतूरचा_पोरगा

राम राम मंडळी. आमची २००५ ची डिझेल पिकअप आहे, वडिलांनी २०११ ला सेकंडहँड घेतलेली, सीझनला टोमॅटो नारायणगाव मार्केटला नाहीतर माळशेज उतरून डायरेक्ट वाशीला. गेले दोन महिने एकच रड आहे, पार्किंगचा फ्यूज उडतो, १० अँपिअरचा लाल. उडाला की मागचे दोन्ही टेल, नंबरप्लेटची लाईट, पुढचे पार्किंगचे बल्ब आणि डॅशबोर्डवरच्या मीटरची लाईट सगळं एकदम गुल. हेडलाईट, ब्रेकलाईट, इंडिकेटर, हॉर्न एकदम ओके.

वैताग असा की कधी तीन तीन दिवस काही नाही आणि कधी नवीन फ्यूज टाकला की दहा मिनिटात खलास. वायरिंगवाल्याकडे दोनदा नेली, तिथं दिवसभर पार्किंग चालू ठेवून उभी केली तरी उडेना (घरी अंगणात पण कधी उडाला नाही), मग त्याने अंदाजाने कॉम्बी स्विच (स्टिअरिंगजवळचा लाईट-इंडिकेटरचा) बदलला, २२०० रुपये घेतले, दुसऱ्याच दिवशी आळेफाट्याच्या पुढं परत तेच. मागच्या आठवड्यात रात्री घाटात धुकं होतं, मागून ट्रकवाला अगदी अंगावर आला, शिव्या घालत पुढं गेला तेव्हा आम्हाला कळलं की मागं अंधार आहे.

खरं सांगतो, दोनदा वाटेत फ्यूज संपले म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून चालवलीये. दुसऱ्या वेळेस डॅशबोर्डखालून रबर जळाल्यासारखा वास आला म्हणून लगेच काढली.

काल मल्टिमीटर आणला. बॅटरीची मायनस काढली, मीटर बीपवर ठेवलं (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतं ते), पार्किंगचा स्विच चालू करून फ्यूजच्या एका पायाला आणि बॉडीला लावलं तर सारखं वाजतंय, थांबतच नाही. म्हणजे शॉर्ट आत्ता पण आहे ना? मग अंगणात फ्यूज का उडत नाही? डोकं आउट झालंय. पूर्ण वायरिंग बदलायला १२ हजार सांगतायत.

---

कोकणी_फणस

अर्थ चेक कर आधी, म्हणजे बल्बची मायनस वायर बॉडीला जिथं जोडतात तो जोड. आमच्याकडे खाऱ्या हवेत निम्म्या गाड्यांचा प्रॉब्लेम अर्थच असतो. टेलच्या मागं अर्थचं थिंबल (वायरच्या टोकाची बोल्टात बसणारी कडी) असतं ते गंजून जातं. काढ, पॉलिश पेपर मार, बोल्ट घट्ट कर, १० रुपयांचं काम.

---

घाटावरचा_गणू

२००५ ची गाडी?? भंगारात दे भावा आणि त्या पैशात मिसळ खा 😄

सिरियसली सांगायचं तर १५ चा निळा टाकून बघ, माझ्या टेम्पोला तसाच चाललाय दोन वर्षं.

---

वायरिंगवाला_अकलूज

गणू, हे असलं सल्ले देऊ नका राव, एखाद्याची गाडी पेटायची. फ्यूज हा वायर वाचवायला असतो. १० चा उडतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय, तिथं १५ टाकला किंवा चांदी घातली तर मग फ्यूजच्या जागी वायर तापते, आणि वायर डॅशबोर्डच्या आत तापते जिथं कापूस, रेक्झिन, प्लास्टिक सगळं पेटायला तयारच असतं. ओतूरच्या पोरा, तुला वास आला म्हणजे तुझी ती वायर आतून भाजलेली आहे हे आत्ताच लक्षात ठेव, शॉर्ट सापडला तरी ती बघावी लागणार. फ्यूज संपले तर गाडी बाजूला घ्यायची, नाहीतर इंडिकेटर चालू ठेवून हळूहळू जवळच्या पंपापर्यंत जायचं, चांदी नाही म्हणजे नाही.

आणि फणसराव, अर्थ खराब असला तर लाईट मंद होते, इंडिकेटर लावला की टेल पण लुकलुकते, ब्रेक मारला की भलताच बल्ब लागतो, असले चाळे होतात. पण अर्थ सुटल्याने फ्यूज उडत नाही, उलट करंटच कमी जातो. फ्यूज उडतो तेव्हा प्लसची वायर कुठंतरी बॉडीला लागते. हे दोन रोग वेगळे आहेत, लोक दोन्हीला शॉर्टच म्हणतात म्हणून गोंधळ होतो.

आता तुझं मीटर. ते वाजतंय ते शॉर्टमुळं नाही, बल्बमुळं. ५ वॉटचा बल्ब थंड असताना त्याच्या तारेचा रेझिस्टन्स दोन-तीन ओहम असतो, तापल्यावर तो तिसाच्या आसपास जातो. तुझ्या सर्किटवर टेल, पुढचे पार्किंग, नंबरप्लेट, मीटरचे असे सात-आठ बल्ब पॅरलल आहेत, सगळे मिळून एक ओहमच्या पण खाली, आणि बीप तर ३०-४० ओहमला पण वाजतं. म्हणजे चांगल्या गाडीवर पण ते वाजणारच. या बीपच्या नादाने कितीतरी पोरांनी चांगली वायरिंग फाडलेली मी बघितलीय.

तू एवढं सांग. पार्किंगचा स्विच बंद असताना फ्यूज कधी उडालाय का? उडतो तेव्हा गाडी भरलेली असते का रिकामी? आणि हे चालू व्हायच्या आधी गाडीला शेवटचं काय काम केलं, कसलंही?

---

ओतूरचा_पोरगा

काका खूप धन्यवाद, बीपचं तर माहीतच नव्हतं.

स्विच बंद असताना कधीच नाही उडाला. भरलेली का रिकामी याचा कधी विचारच केला नव्हता, वहीत भाड्याच्या तारखा असतात त्या काढून बघितल्या, जेवढं आठवतंय त्यात सगळ्या वेळेस माल भरलेला होता. येताना रिकामी गाडी पहाटेची असते, लाईट चालूच असते पण कधी नाही उडाला. आई शप्पथ हे आत्ता लिहिताना कळतंय.

काम म्हणाल तर लाईटचं काहीच केलेलं नाही. पावसाळ्याआधी टायर दोन टाकले, पाट्याचं एक पान बदललं, हौद्यात पत्रा टाकला, ऑइल. बस.

---

वायरिंगवाला_अकलूज

बघ, निम्मं काम झालं आणि अजून एक स्क्रू पण खोलला नाही. स्विच बंद असताना उडत नाही म्हणजे फ्यूजपासून स्विचपर्यंतचा भाग सुटला, बिघाड स्विचच्या पुढं आहे. भरल्यावर उडतो म्हणजे वजनाने जे हलतं, दबतं, खाली बसतं त्याच्या आसपास आहे. डॅशबोर्ड वजनाने हलत नाही. कॉम्बी स्विच बिचारा फुकट बदलला. रिकामी गाडी आणलीस तर कोणालाही सापडणार नाही, त्यात त्या वायरिंगवाल्याची पण चूक नाही.

आता बल्ब लावून शोध. जुन्या इंडिकेटरचा होल्डर घे, त्यात १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब, दोन वायरी, टोकांना फ्यूजच्या पायाच्या मापाच्या चपट्या पिना. फ्यूज काढायचा आणि त्याच्या जागी हा बल्ब बसवायचा. शॉर्ट झाला की बल्ब फुल्ल पेटतो पण त्यातून पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही, त्यामुळे वायर तापत नाही, फ्यूजही जात नाहीत, निवांत शोधता येतं. लोक वीस-वीस फ्यूज जाळतात तेवढ्यात एक बल्ब येतो.

मात्र आधी त्या सर्किटचे सगळे बल्ब काढ. टेल, पार्किंग, नंबरप्लेट, मीटरचे पण. नाहीतर त्यांच्यातून करंट जाऊन तुझा टेस्टचा बल्ब अर्धवट मंद पेटत राहील आणि काही समजणार नाही. बल्ब काढताना होल्डर बघून घे, पाणी शिरून आत हिरवं चढलेलं असेल तर तोही एक चोर असतो.

अजून एक, एकटा असशील तर बल्ब डॅशबोर्डखाली आणि तू गाडीखाली, दिसणार कसा? रिव्हर्सचा छोटा बझर मिळतो तो त्या बल्बला पॅरलल जोड, लाल वायर बॅटरीकडच्या पिनेला. शॉर्ट झाला की बोंब मारेल.

मग पार्किंग चालू ठेवून गाडी भर. भरलेल्या गाडीखाली जायचं तर चारी चाकं जमिनीवर, हँडब्रेक, गिअर आणि चाकांना दगड, जॅक अजिबात लावायचा नाही. बझर वाजला की केबिनच्या मागं चेसिसला मोठा कपलर (वायरी जोडायचा प्लग) असेल तो सोडव. बंद झाला तर बिघाड मागं, वाजतच राहिला तर पुढं. मागं असेल तर टेलचे कपलर एक एक सोडव. असं निम्मं निम्मं करत यायचं. हारनेस (टेप गुंडाळलेला वायरींचा जुडगा) फाडत सुटायचं नाही.

---

मस्कतकर

मी इथं ओमानमध्ये वर्कशॉपला आहे, काकांना अनुमोदन. फक्त एक ॲड करतो, सायलेन्सरच्या जवळून वायर जाते ते पण बघ, क्लिप तुटली की वायर खाली लोंबते आणि पाईपला चिकटते. आणि मागच्या ॲक्सलवर जो बंप रबर असतो (ॲक्सल चेसिसला आपटू नये म्हणून) त्याच्यावर चेसिसच्या आतल्या बाजूला पण बघ. भरल्यावर ॲक्सल वर येतो आणि लोंबणारी वायर चेंगरते. मी पैज लावतो बंप रबरवर.

बाय द वे उंदीर विसरू नका. उसाची तोड झाली की गावाकडचे सगळे उंदीर गाडीत राहायला येतात 😅

---

कोकणी_फणस

अर्थचं मान्य काका, शिकलो काहीतरी.

पण पोरा एक थांब, तू पत्रा टाकला म्हणालास ना हौद्यात. तो बसवला कशाने? वेल्डिंग का रिव्हेट का स्क्रू?

---

ओतूरचा_पोरगा

स्क्रूने. जुना फ्लोर गंजून भोकं पडली होती, टोमॅटोचं पाणी गळायचं, म्हणून मे महिन्यात वडिलांनी स्वतःच चौकटीचा पत्रा आणून वरून ड्रिल मारून ते सेल्फ स्क्रू असतात ना शेडच्या पत्र्याला लावतात ते मारले. का हो?

---

कोकणी_फणस

का हो काय का हो 😂 शेडचे स्क्रू दोन-दोन इंचाचे असतात बाबा. तुझा पत्रा किती जाड, तीन मिलीमीटर? खालचा फ्लोर अजून दीड? उरलेला स्क्रू कुठं गेला मग? खाली बघ जाऊन.

---

वायरिंगवाला_अकलूज

फणसराव, वा! मी कामांची यादी वाचली आणि पुढं गेलो, पत्रा माझ्या डोळ्यासमोरून गेला. हे होऊ शकतं. हौदा आणि चेसिसच्या मध्ये रबर असतात, जुन्या गाडीचे तर पार चपटे झालेले, माल भरला की हौदा अजून थोडा खाली बसतो. चेसिसच्या वरच्या अंगाने हारनेस गेला असेल तर स्क्रूचं टोक त्यावर टेकणार, माल उतरवला की परत उचललं जाणार. म्हणून अंगणात सापडत नाही.

पण आधी बल्ब लावून खात्री कर. नुसत्या अंदाजावर पत्रा उचकटू नको.

---

ओतूरचा_पोरगा

मंडळी सापडला!!! सगळं सांगतो, लांबलचक आहे, चालवून घ्या.

काल मार्केट बंद होतं म्हणून वेळ मिळाला. बल्ब-बझर काकांनी सांगितलं तसं बनवलं, ९० रुपये खर्च. सगळे बल्ब काढले (मीटरचे काढायला दीड तास गेला, दोन प्लास्टिकचे कान तुटले, ते वडिलांना अजून सांगितलेलं नाही). रिकाम्या गाडीत स्विच चालू केला, बल्ब गप्प, बझर गप्प. गाडी पुढं-मागं केली, स्टिअरिंग हलवलं, दरवाजे आपटले, काही नाही. मग क्रेट भरायला घेतले, २० किलोचा एक. मी, चुलतभाऊ आणि वडील. पंचवीसपर्यंत काही नाही, वडील म्हणाले इंटरनेटवरच्या लोकांचं ऐकून माल हलवत बसलायस. एकतिसाव्या की बत्तिसाव्या क्रेटला चुलतभाऊ क्रेट घेऊन हौद्यात चढला आणि बझर कोकलला! तो खाली उतरला, बंद. परत चढला, चालू. मग आम्ही त्याला पाच-सहा वेळा नुसतं चढायला-उतरायला लावलं, गल्लीतली पोरं जमा झाली बघायला.

अजून आठ क्रेट टाकले, मग कायमचाच वाजायला लागला. केबिनमागचा कपलर सोडवला, बंद. परत जोडला, टेलचे दोन्ही कपलर सोडवले, नंबरप्लेटचा सोडवला, तरी वाजतोय. म्हणजे मधल्या सात-आठ फुटातच. चाकांना दगड लावले आणि खाली शिरलो, लाकडी काठीने हारनेस एक एक वीत दाबत गेलो. ड्रायव्हर साईडला, केबिनपासून तिसऱ्या आडव्या चॅनलच्या शेजारी दाबला तर बझर बंद, सोडला की चालू. मोबाईलची बॅटरी मारली तर स्क्रूचं टोक हारनेसच्या टेपमधून आत. फणस दादा तुम्ही कुठं असाल तिथं तुम्हाला साष्टांग नमस्कार, मुंबईला जाताना या बाजूने आलात तर क्रेटभर टोमॅटो आपल्याकडून.

माल उतरवून टेप उकलली. एकच वायर टोचली गेलीय, पार्किंगची, तांबं उघडं आणि काळं पडलेलं, शेजारची ब्रेकलाईटची वायर केसाएवढ्या अंतरावर. मस्कतकर दादा, बंप रबरजवळ पण बघितलं, तिथली क्लिप खरंच तुटलेली होती पण वायर शाबूत, तरी बांधून टाकली. पैज मात्र हरलात.

आता प्रश्न दोन. एक, टोचलेल्या जागी नुसती टेप गुंडाळू का? दोन, फ्यूजबॉक्सखालची वायर बघितली काका, तुम्ही म्हणाला तेच, पार्किंगची वायर एक वीतभर कडक झालीय, वाकवली की वरचं प्लास्टिक तडकतं आणि शेजारच्या दोन वायरींना चिकटलीय.

---

वायरिंगवाला_अकलूज

शाब्बास. वडिलांना माझा नमस्कार सांग आणि मीटरचे कान फेविक्विकने चिकटव.

टेप नको, पावसात पाणी शिरतं, सहा महिन्यात तांबं हिरवं होऊन वायर आतून तुटते, मग तू परत इथं येशील. काळं झालेलं तांबं कापून टाक, त्याच जाडीच्या वायरचा तुकडा घे, सोल्डर कर, पिळून सोडून देऊ नको. सोल्डर करायच्या आधी श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळते ती नळी) वायरवर ओवून घे, हे सगळे विसरतात, मी पण तीस वर्षांनी विसरतो.  वरून चिरलेला फ्लेक्झिबल पाईप चढव आणि हारनेस चेसिसच्या आतल्या बाजूला घेऊन क्लिपा मार, वर उघडा ठेवू नको.

फ्यूजबॉक्सखालची वायर जेवढी कडक आहे तेवढी पूर्ण बदल, आणि चिकटलेल्या दोघींना हळूच सुटं कर, त्यांचं प्लास्टिक वितळलं असेल तर त्या पण बदल. दोन वेळच्या चांदीची किंमत आहे ती. हे सगळं तीन-चारशेत बसतं, १२ हजाराची वायरिंग लागत नाही.

शेवटी फ्यूज १० चाच.

आणि आता महत्त्वाचं, एकूण स्क्रू किती मारलेत? बाकीचे कुठं कुठं निघालेत बघितलं का?

---

ओतूरचा_पोरगा

काका तुमचा मेसेज वाचून आत्ता परत खाली जाऊन आलो. एकूण २२ स्क्रू. बरेचसे मोकळ्या जागेत निघालेत. पण दोन डाव्या बाजूला चेसिसच्या अगदी वर आहेत आणि त्यातला एक मागच्या ब्रेकच्या पाईपला टेकलाय. पाईपवर घासल्याची चमकती रेघ आहे, नखाला लागते. गळत नाहीये, ब्रेक ऑइलची डबी पण फुल्ल आहे. मला घाम फुटला खरं सांगतो, आम्ही ही गाडी एक टन भरून माळशेज उतरवतोय जूनपासून.

ग्राइंडरने स्क्रूची टोकं उडवून टाकतो आत्ताच.

---

वायरिंगवाला_अकलूज

थांब, ग्राइंडर नको!! ठिणग्या उडतात, तिथून डिझेलचा पाईप पण जातो आणि वायरिंग पण. वरून स्क्रूच खोलून काढ आणि त्या जागी छोटे बोल्ट मार, खाली नट येईल अशी जागा बघून. जो निघत नाही तो हॅकसॉने काप, हळूहळू, पाईपवर फडकं गुंडाळून.

आणि ब्रेकचा तो पाईप बदलूनच टाक, रेघ नखाला लागते म्हणजे खोल आहे. त्यावर एमसील वगैरे लावत बसू नको. पाईप बदलून ब्रेकची हवा काढून होईपर्यंत गाडी घाटात न्यायची नाही, माल दुसऱ्याच्या गाडीत टाक.

---

ओतूरचा_पोरगा

हो काका. उद्याचा माल मामांच्या गाडीत टाकतोय, मेकॅनिकला फोन केलाय. वडील स्वतःच पाना घेऊन स्क्रू काढत बसलेत, काही बोलत नाहीयेत.